केबिनसाठी केलेला बोर्ड

पिंपळे गुरव,
१९ जानेवारी २०२५

चि. आम्रपाली हिस,
अण्णांचा सप्रेम जयभीम व अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र सनीने मोबाईलवर मोठं करून दाखवलं. जहाजावरून फोन लागत नाही आणि लागला तरी हॅलो-हॅलोतच संपतो, त्यापेक्षा ही पद्धत बरी. तू वहीत लिहायचं आणि बंदर आलं की फोटो पाठवायचा. मी कागदावर लिहायचं आणि सनीने शिफ्टला जाण्याआधी फोटो काढायचा. तुझी आई म्हणते, बापलेकीने घरातच पोस्टखातं काढलंय आणि भावाला पोस्टमन केलंय.

पत्र सगळं वाचलं, पण जीव एकाच ओळीत अडकला. दोघी मुली, दोन मोबाईल, तुझं घड्याळ, इंद्रायणीची पॉवर बँक आणि अख्ख्या केबिनीत आरशाखाली एकच सॉकेट! त्यात कुठल्याशा बंदरावरच्या बाजारातून घेतलेला तीन तोंडांचा अडॅप्टर. अगं, जिच्या बापाने एकतीस वर्षं चाकणच्या कंपनीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला काढली, तिने असली वस्तू भिंतीत खुपसायची? लोकांना कळलं तर हसतील.

म्हणून तीन दिवस बसून बोर्ड केला आहे. चार सॉकेट, प्रत्येकाला वेगळं बटण, फ्यूज, सहा फूट जाड वायर, आणि वीज एकदम उसळली तर मोबाईल जळू नयेत म्हणून आत स्पाइक गार्ड. आईने त्यावर मिक्सर चालवून पाहिला, तरी गरम झाला नाही. इंद्रायणी सुट्टी संपवून शुक्रवारी परत तुझ्याच केबिनीत यायला निघते आहे, म्हणून काल कासारवाडीला तिच्या घरी जाऊन देऊन आलो. तिच्या आईने, सोजराबाईंनी, माझ्यासमोरच तो तिच्या बॅगेत चकल्यांच्या डब्याशेजारी ठेवला.

प्रवाशांच्या खोल्या आवरून तुझी कंबर दुखते असं लिहिलंस. आई ओव्याचं तेल लाव म्हणते, जणू काय तिथे कोपऱ्यावर दुकान आहे. पहिलंच कंत्राट आहे, नऊ महिने निभाव.

लोभ आहेच, तो पत्रागणिक वाढावा.
तुझे,
अण्णा

*

जहाजावरून,
९ फेब्रुवारी

ती. अण्णांस,
सविनय जयभीम. वि. वि.

बोर्ड पोचला. चकल्या दुसऱ्या दिवशीच संपल्या, बोर्ड मात्र रोज कामावर आहे. इंद्रायणीने त्याचं नाव काकांचं संस्थान ठेवलंय. आमच्या दोघींच्या पलंगांच्या मधे, उशाशी, तो ठेवला आहे. आता कुणाचा मोबाईल आधी यावरून भांडण नाही. तुमची बटणं इतकी कडक वाजतात की डोळे मिटून कळतं, हे घरचं आहे.

एक सांगायचं राहिलं होतं. बाहेरून आणलेली विजेची वस्तू इथल्या इलेक्ट्रिशियनला दाखवून शिक्का घ्यावा लागतो. अजून जमलेलं नाही, सवडीने घेईन. तपासणीला येतात तेव्हा आम्ही तो कपाटात लाइफ जॅकेटांच्या मागे सरकवतो. काळजी नसावी.

आता गोड बातमी. आमच्या सुपरवायझरने माझं नाव रिसेप्शनच्या कामासाठी दिलंय. हे कंत्राट एकही लेखी ठपका न लागता पुरं झालं तर पुढच्या खेपेला खोल्या आवरायच्या नाहीत, काउंटरला उभं राहायचं. इंद्रायणीला मात्र एक ठपका आधीच आहे, आगीच्या कवायतीला उशिरा पोचली म्हणून. दुसरा लागला की पुढच्या बंदरावर उतरवतात. ती मला म्हणते, तू राणी हो, मी तुझ्या राज्यात उशिरा येत जाईन.

आईची आठवण येते. तिला सांगा, तेल नाही पण कंबर बरी आहे.

आपली माया अशीच पाठीशी असू द्यावी.
आपली,
आम्रपाली

*

पिंपळे गुरव,
२३ फेब्रुवारी

चि. आम्रपाली,
जयभीम, आशीर्वाद.

हे पत्र उघडशील तेव्हा पहिलं काम कर. बोर्ड भिंतीतून उपटून काढ. बटण बंद करून भागणार नाही, प्लगच काढ. मग पुढचं वाच.

आज पिंपरीत कोंडाजी भेटला. कंपनीत माझ्याबरोबर होता, त्याआधी मुंबईच्या गोदीत जहाजांच्या वायरिंगचं काम करायचा. टपरीवर चहा घेताना मी मोठ्या तोऱ्यात तुझ्या बोर्डाचं वर्णन केलं. हात दाखवून अवलक्षण! त्याने कप खाली ठेवला आणि विचारलं, की जहाजावर स्पाइक गार्ड लावायची अक्कल तुला कुणी दिली.

त्याने सांगितलं ते तुला समजेल असं लिहितो. आपल्या घरी दोन तारांपैकी एकीतच वीज असते, दुसरी जमिनीला बांधलेली असते. म्हणून बटणाने एक तार तोडली की काम भागतं. जहाजाखाली जमीन कुठली? तिथे दोन्ही तारांत वीज. एक तोडली तरी दुसरी चालूच. आणि स्पाइक गार्ड जादा वीज जमिनीत सोडायला बघतो. तिथे त्याला जहाजाचं लोखंड सापडतं, मग तो स्वतःच तापतो आणि पेटूही शकतो. म्हणून जहाजांवर त्याला परवानगीच देत नाहीत. तू शिक्क्याला नेला असतास तर तिथेच जप्त झाला असता, आणि बरं झालं असतं.

सुरक्षित काय तेही त्यालाच विचारलं. चांगल्या बनावटीचा, दोन-तीन यूएसबी तोंडांचा साधा चार्जर, वायर नसलेला, थेट भिंतीत बसणारा. तोसुद्धा आधी इलेक्ट्रिशियनला दाखवून. मोबाईल गादीवर किंवा उशीखाली ठेवून लावायचा नाही. दोघींपैकी एक जण केबिनीत जागी असेल तेव्हाच लावायचा, पॉवर बँक लावून कामावर जायचं नाही. तोवर पाळ्या लावा, आज तू, उद्या ती. भांडा, पण पाळ्या लावा.

एकतीस वर्षांत माझ्या कामाने कुणाला साधा झटका बसला नाही, आणि पोटच्या पोरीच्या उशाशी मी हे पाठवलं. मला लाज वाटते आणि भीतीही वाटते. आईला सांगितलेलं नाही.

पोचल्याचं लगेच कळव.
अण्णा

*

पिंपळे गुरव,
२६ फेब्रुवारी

चि. आम्रपालीस आशीर्वाद.

तीन दिवस झाले, पत्राला एकच टिक आहे. सनी म्हणतो, जहाज मोठ्या समुद्रात असेल, नेट आलं की जाईल. तो सकाळी कामावर निघतो तेव्हा मोबाईल त्याच्याबरोबर जातो आणि मी दिवसभर हात चोळत बसतो. काल शेजाऱ्यांच्या मोबाईलवरून त्याच्या सुपरवायझरला तीनदा फोन केला. सनी चिडला, त्याचं बरोबर आहे.

आज पिंपरीला तुझ्या एजंटाच्या ऑफिसात गेलो. तिथल्या मुलीने ई-मेल करा म्हणून सांगितलं. मी म्हटलं, बाई, बोर्डाचा प्लग काढा एवढा एकच निरोप द्यायचाय. ती म्हणाली की तो निरोप जहाजावर कुणाला द्यायचा ते तिला माहीत नाही. वाईट नव्हती, पाणी दिलं तिने.

घरी येऊन आपल्या सगळ्या बोर्डांची बटणं उगाच बंद करून पुन्हा चालू केली. दुसरं काय करणार?

उत्तराची वाट पाहणारा,
अण्णा

*

जहाजावरून,
२८ फेब्रुवारी

ती. अण्णांस,
सविनय जयभीम.

हे बंदर यायच्या आधी घाईत लिहिते आहे, अक्षर लावून घ्या.

तीन दिवसांपूर्वी, पंचवीस तारखेला, मी दुपारी खोल्या आवरत होते. इंद्रायणीची ड्यूटी संपली होती, ती केबिनीत होती. बोर्डाला जळका वास यायला लागला. तिने प्लग ओढला, पण प्लास्टिक वितळून उशीच्या अभ्र्याला डाग पडला आणि धुराने अलार्म वाजला. आग लागली नाही, कुणाला इजा नाही. हे आधी वाचून आईला सांगा.

सेफ्टी ऑफिसर आले. मी धावत पोचले तेव्हा ते तिला विचारत होते, की ही वस्तू कुणाची. तिने माझ्याकडे पाहिलं आणि सगळं स्वतःवर घेत सांगितलं, की माझी, मी घरून आणली. मी दारात उभी होते, अण्णा. हातात दुसऱ्यांच्या खोल्यांचे टॉवेल होते. तोंड उघडलंच नाही. तिने कागदावर सही केली. तिचा दुसरा ठपका. उद्या तिला उतरवणार आहेत.

ती बॅग भरते आहे आणि माझ्याशी नेहमीसारखी बोलते आहे. त्याने जास्त त्रास होतो. मी काय करू? मला रिसेप्शनचं काम हवं होतं, आत्ताही हवंय, हे खोटं कशाला लिहू. तुम्ही सांगाल तसं करीन.

ता. क. आत्ता नेट आलं आणि तुमची दोन्ही पत्रं एकदम आली. प्लग काढ, प्लग काढ. वाचून मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

आपली,
आम्रपाली

*

पिंपळे गुरव,
१ मार्च

चि. आम्रपाली,
आशीर्वाद.

तू जिवंत आहेस, धड आहेस, बाकी सगळं नंतर. तुझ्या आईला आता सगळं सांगितलं. ती तडक स्वयंपाकघरात निघून गेली. संध्याकाळी चहा मात्र ठेवला.

तू विचारलंस म्हणून सांगतो. ऑफिसरकडे जा आणि खरं सांग. बोर्ड माझ्या वडिलांनी केला, माझ्यासाठी पाठवला, लपवायची सोय मी केली. चूक आपल्या घरची आणि शिक्षा सोजराबाईंच्या लेकीला, हे आपल्यात बसत नाही. रिसेप्शनचं काम गेलं तर जाऊ दे. मी तुला लहानपणापासून हेच शिकवलं, आता सोयीचं नाही म्हणून वेगळं शिकवू का?

माझ्या परीने मीही कॅप्टनच्या नावे इंग्रजीत पत्र लिहिलं आहे, सनीने चुका काढल्या. एजंटाच्या ऑफिसात त्याच मुलीकडे दिलं. तिने ठेवून घेतलं. पुढे ते कुठे जातं, तिलाही ठाऊक नाही.

धीर धर.
अण्णा

*

पिंपळे गुरव,
६ मार्च

चि. आम्रपाली,
थांब. अजून सांगितलं नसशील तर काही सांगू नकोस.

काल इंद्रायणी घरी आली, सोजराबाईंना घेऊन. मी हात जोडले तर तिने माझे हात धरून खाली केले. मग मी तिला मोठ्या अभिमानाने सांगितलं, की आम्रपालीला खरं सांगायला लिहिलं आहे. ती एकदम उभीच राहिली. म्हणाली, की काका, हे काय केलंत. बोर्ड तिच्या हातात सापडला होता, तिला एक ठपका आधीच होता, बोर्ड कुणाचाही असता तरी तिला उतरवणारच होते. म्हणून तिनेच तुला त्या दिवशी सांगितलं होतं, की गप्प बस, दोघींपैकी एक तरी राहू दे. हे तू मला लिहिलं नव्हतंस.

सोजराबाई मग एवढंच म्हणाल्या, की भाऊ, माझी आली ती आली, तुमची कशाला बोलावता.

मागच्या पत्राला तीन तारखेलाच निळ्या टिका आल्या आहेत, म्हणजे तू ते वाचलंस. हे आत्ता पाठवलं तर ह्याला एकच येईल, मला माहीत आहे. तरी सनीला उठवून पाठवतो आहे. तू थोडी भित्री आहेस, दोन दिवस घालवशील, अशी मी आशा करतो आहे. बाप असून मुलीच्या भित्रेपणावर भरवसा ठेवायची वेळ आली.

अण्णा

*

बंदरावरून,
९ मार्च

ती. अण्णांस,
सविनय जयभीम. वि. वि.

तुमचं थांब आत्ता वाचलं. उशीर झाला. तीन तारखेला तुमचं पत्र वाचलं आणि अंगातला ॲप्रनही न काढता ऑफिसरकडे गेले. वाचून थांबले असते तर हिंमत झाली नसती, एवढं तुम्ही मला ओळखता.

त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, की खरं बोललीस हे चांगलं केलंस. मग तपासणीत वस्तू लपवली आणि चौकशीत गप्प राहिली, असे दोन ठपके लिहून माझी सही घेतली. इंद्रायणीचा कागद तसाच राहील, तो प्रकार बंद झाला आहे, असंही म्हणाले. कंत्राट संपलं. आज मला उतरवलं, उद्या रात्रीचं मुंबईचं विमान आहे.

ती गप्प बस म्हणाली होती, हे मुद्दामच लिहिलं नव्हतं. लिहिलं असतं तर तुम्ही कदाचित मला गप्प बसायला सांगितलं असतं आणि मी आनंदाने ऐकलं असतं. मला कुणीतरी जा म्हणायला हवं होतं. त्या दिवशी सांगून आल्यावर मी जेवले, पंचवीस तारखेनंतर पहिल्यांदा पोटभर. आणि आज सकाळी शिडी उतरताना इतका राग आला, की तुमचाही आला. दोन्ही खरं आहे.

तुम्ही आता रोज स्वतःला दोष देत बसाल आणि मी घरी आल्यावर मला समजवायला लागाल. एकच मागते, अण्णा. मी बरोबर केलं की चूक, हे मला सांगू नका. काय करायला हवं होतं, तेही नको. आयुष्यभर तुम्हाला विचारून केलं. हे एक माझ्याकडे राहू द्या.

आईला सांगा, दोन दिवस कुणाला घरी बोलावू नको.

माया कमी होऊ देऊ नये, ही विनंती.
आपली,
आम्रपाली

*

पिंपळे गुरव,
१० मार्च

चि. आम्रपालीस,
जयभीम आणि आशीर्वाद.

बरं. काही सांगणार नाही.

सनीने गाडी ठरवली आहे, मी विमानतळावर येतो. इंद्रायणीला कळवलं तर तीही येते म्हणाली. ती तुझ्यावर चिडली आहे, माझ्यावरही, तरी येते म्हणाली. तुम्ही दोघी मागे बसा आणि काय ते बोला किंवा भांडा. मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसेन आणि घर येईपर्यंत मागे वळून पाहणार नाही.

लोभ होता तेवढाच आहे, तो तसाच राहील.
तुझे,
अण्णा