शेतापर्यंत चालत गेले

जानेफळ, पौष, मंगळवार, १९६५

शाळेनं सुमनचं नाव मेहकरच्या शर्यतीत दिलंय. उद्या सकाळी जायचं. सासूबाई चुलीपाशी म्हणाल्या, "पोरीच्या जातीनं पळू नये. पिशवी सरकते, मंग लेकरं होत नाहीत."

सुमन हसली. "आजी, भरले हंडे आणताना नाही सरकत का मंग?"

"ते काम हाये. पळणं म्हणजे मस्ती."

मी भाकरी थापत राहिले. काऊन गप्प बसले?

वाचनालयातल्या पुस्तकात स्वच्छ लिहिलंय, पळण्यानं पिशवी सरकत नाही. ओल्या बाळंतिणीनं जड ओझी उचलली तर मात्र खाली उतरू शकते. सुमन तेरा दिवसांची असताना माझ्या डोक्यावर हंडे कोणी दिले होते?

सुमनचे वडील शेतात कोसळल्याचा निरोप आला, तेव्हाही सासूबाईंनी माझा दंड धरला होता. "पळू नको, चालत जाय." मी चालत गेले. पोचले तेव्हा त्यांचं बोलणं थांबलं होतं. गडी म्हणाला, आत्ताच तुमचं नाव घेत होते. आत्ताच! पळाले असते तर जीव वाचला असता, असं नाही. पण हाक ऐकली असती.

इतकं लिहून उठले आणि सासूबाईंना सांगितलं, "उद्या पोरगी जाईल."

"अन् काही झालं तं?"

"त्या दिवशी मी चालतच गेली होती. काय वाचलं?"

त्यांनी चुलीतला विस्तव राखेनं झाकला. मुलगा त्यांचाही होता.

सुमनचे हंडे उद्या मी आणीन.