डाव्या गालावरचं हसू

खडकी, १२ सप्टेंबर १९९९

ती. ललिताताईस दिगंबरचा वाकून नमस्कार.

तुझे गुडघे आणि भाऊजींची साखर दोन्ही आटोक्यात आहेत असं धरून लिहितो. (उलट असेल तर कळव, म्हणजे पुढचं पत्र आखूड लिहीन.)

माझ्या डाव्या कानामागची गाठ काढली. कान कायमचा गेला. त्याचं दुःख नाही. कारखान्यात तीस वर्षांत ऐकण्यासारखं कुणी फारसं बोललं नाही. भानगड चेहऱ्याची आहे. कवटीच्या तळाशी ऐकण्याची नस आणि चेहऱ्याची नस एकाच बारीक भोकातून हाडात शिरतात. गाठ होती ऐकण्याच्या नसेवर, पण तिनं शेजारणीला ताणून कांद्याच्या पापुद्र्यासारखी चपटी केली होती. अशी नस डोळ्यांना दिसत नाही म्हणे. मग डॉक्टर तारेनं हलकी वीज देत जातात, आणि चेहरा हलला की नस तिथं आहे.

शुद्धीवर आल्यावर दीपमाला नावाची नर्स म्हणाली, "काका, ऑपरेशनमध्ये तुम्ही सात वेळा हसलात."

मी म्हटलं, "मी हसत नाही." (लग्नाच्या फोटोतही नाही, तुला ठाऊक आहे.)

"तुम्ही नाही हो. चेहरा हसला."

तेव्हापासून डावी बाजू लुळी आहे. डोळ्याला पट्टी, ओठातून चहा ओघळतो. नस शाबूत आहे, महिने लागतील, असं डॉक्टर म्हणतात. पण गेल्या सोमवारी दुपारी जाग आली, तर तुझी भावजय मुक्ता खुर्ची ओढून माझ्याकडे बघत बसलेली. मंगळवारीही तेच. बुधवारी खडसावून विचारलं.

"झोपलात की डावीकडून हसता," ती म्हणाली. "छान हसता."

मी अर्धा तास आरशासमोर बसलो. डावा गाल ढिम्म. तेजसला विचारलं, तर कंपनीतल्या कॉम्प्युटरांच्या वाय-टू-के दुरुस्तीतून मान वर न काढता म्हणाला, "बाबा, सिग्नल टेस्टिंग असेल."

काल मी उजवा कान मोकळा ठेवून झोपेचं सोंग घेतलं. मुक्ता माझ्या बहिऱ्या बाजूला बसून हळू आवाजात बोलत होती. माहेरचं, लग्नाच्या पहिल्या वर्षातलं, मला कधीच न सांगितलेलं. मध्ये थांबायची. मग उत्तर मिळाल्यासारखी पुढे बोलायची. ताई, माझ्या अंगावर काटा आला.

भाऊजींना नमस्कार.

तुझा,
दिगंबर

ता. क. मुक्ताला पंधरा दिवस अमरावतीला बोलावून घे. कारण काहीही सांग, माझं नाव नको.

ता. क. दुसरा. ताई, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. आपण झोपेतच हसतो असं यांना वाटतं. पत्र लिहीत होते तेव्हा मी समोरच होते. सगळा वेळ डावा गाल माझ्याकडे बघून हसत होता. वरचा ता. क. लिहिताना तेवढं ते हसू गेलं. मी येणार नाही.
— मुक्ता