झील धरणारी

मास्तर,

तुमी मेले तेव्हा मी रडली नव्हती आणि आताही रडायले बसली नाही. भांडायले बसली आहे. तुमी जिवंत होते तेव्हा तुमच्यासमोर आमाले तोंड उघडायची सोय होती, पण तुमचा हात वर गेला की मगच. मेलेल्या माणसाले हात वर करता येत नाही. तेवढा फायदा मी आता घेते.

आपल्या विहारात दर ऐतवारी पोट्ट्यायची कलेची शाळा भरते. आदिलाबादहून एक मेडम येते, जैनथपर्यंत बसनं, पुढं ऑटोनं. गाणं शिकवते, ढोलकी शिकवते, नाटक बसवते. शाळेत ज्याईची बोबडी वळते ते पोट्टे हितं खणखणीत बोलतात. माझी नातही जाते. तिची शाळा आता सारी तेलुगूची, म्हणून मराठी तिच्या तोंडात आहे, हातात नाही. मेडमनं फळ्यावर मराठीत गाणं लिहून म्हटलं का ही पोट्टी ते वहीत तेलुगू अक्षरात उतरवते आणि मराठीत म्हणते. तुमाले पाहून घेरी आली असती. तर या मेडमनं एक दिवस पोट्ट्यायले सांगतलं की या गावात जुनं कलापथक होतं म्हणे, त्याची गाणी शोधा, यंदा जयंतीले तीच करू. म्हणजे तुमचं कलापथक. झालं. नातीनं हात वर केला. 'माह्या आजीले सारी येतात.' तिची चूक नाही. तिले पाळण्यात घातलं तेव्हापासून मी तिले हेच सांगत आली.

मेडम घरी आली तेव्हा मी भाकरी टाकून राह्यली होती. तिनं मोबाइल चालू करून पाटावर ठेवला आणि म्हणाली, 'म्हणा आजी, जमेल तसं.' जमेल तसं म्हणते मले. मी पिठाचे हात झटकले, गळा साफ केला आणि झोकात म्हटलं, 'पाटी घ्या जी हाती, हो पाटी घ्या जी हाती.' आवाज अजून असा आहे की शेजारीण डोकावून गेली. मेडम खूश झाली. 'आणि याच्या आधी काय आहे, आजी?' मी तोंड उघडलं. डोक्यात सारं गाणं वाजून राह्यलं होतं, ढोलकीसकट, पण तोंडात काही येईना. मी ते सोडून दुसरं धरलं, 'उजेड आला दारी.' त्याचंही तेच. एकामागून एक सारी गाणी काढली आणि सार्‍याची शेपटंच हाती लागली. नात माझ्या तोंडाकडं पाहून राह्यली. 'आजी, सुरू कर ना व.' 'सुरूच तं येत नाही,' मी म्हटलं. तव्यावरची भाकर करपली.

आता ऐका. तुमी दिवसभर दुसऱ्याच्या वावरात राबून संध्याकाळी आमाले गोळा करत होते, हे मी नाकारत नाही. नदीपलीकडं मराठी मुलखात जाऊन अक्षर शिकून आले आणि इकडं मराठीचा मास्तर मिळत नव्हता तेव्हा गाण्यातून ते आमच्यात वाटलं, हेही खरं. पण वाटे सारखे केले नाही. पोट्टे समोर, पोट्ट्या मागं. समोरच्या पोट्ट्यायच्या हातात कागद, त्याईनं पाहून कडवं म्हणायचं. कडवं संपलं का तुमचा हात वर, आणि मागून आमी झील धरायची, म्हणजे ओळीचा शेवटचा तुकडा उचलायचा आणि समोरचा गडी दम घेईपर्यंत ताणून ठेवायचा. लिहायलेही आमाले तेवढंच दिलं. सारवलेल्या भुईवर पऱ्हाटीच्या काडीनं तुमी झील लिहून देत होते आणि आमी गिरवत होतो. शाळेत मी दुसरीच्या पुढं गेली नाही, म्हणून हे जे वाकडं अक्षर आहे ते त्या काडीचंच आहे. तुमी मले दिलेली तेवढी एक वस्तू, आणि तीच तुमच्यावर उगारली आहे.

तो दिवस तुमाले आठवत नसंल. तुमाले आठवायचं कारणही नव्हतं. तालीम चालू आहे, समोरचा पोट्टा मधीच अडकतो. कागदावर पाणी पडून शाई फुटली आहे आणि त्याले वाचता येत नाही. मले ते कडवं येते, ऐकून ऐकून. मी मागून म्हणते. पुरं म्हणते, न चुकता. ढोलकीवाला वाजवतच राह्यते, त्याले कळतही नाही की आवाज बदलला. मग तुमचा हात वर जातो, सारं थांबते, आणि तुमी न चिडता म्हणता, 'शेपटानं तोंड व्हायचं नसते.' सारे हसले. तुमीही जरासे हसले. त्या दिवसापासून गावात माझं नाव शेपूट पडलं आणि लग्न होऊन पोरं झाली तरी काही जणांनी ते सोडलं नाही. मग मीही कडव्याकडं कान देणं सोडलं. पोट्टे म्हणत असले का मी उद्याच्या सरपणाचा विचार करत होती आणि नजर तेवढी तुमच्या हातावर ठेवत होती. जे येत होतं तेही असंच वाळून गळलं.

माय तुमाले विचारायले आली होती. ती दाराच्या बाहेर उभी, तुमी आत ढोलकीची दोरी आवळून राह्यले. 'मास्तर, माह्या पोरीले काऊन नाही देत पुरं गाणं? गळा तं चांगला आहे तिचा.' तुमी म्हणाले, 'गळ्याचं नाही, बाई. पोरीले पुरं गाणं दिलं तं ते उद्या सासरच्या गावचं होते. आपलं गाव रितं राह्यते.' मायले ते पटलं. घरी येऊन तिनं मले तुमचं शहाणपण समजावून सांगतलं. तुमी बोलले त्याचा राग कमी आहे, तिले पटलं त्याचा जास्ती.

आणि झालं काय? मले आत्याच्या घरी दिलं, विहिरीच्या त्या अंगाले. माझ्या सासरच्या दारात उभं राह्यलं का माहेरचा गोठा दिसते. गाणं घेऊन जायले मले दुसरं गावच मिळालं नाही. गेले ते तुमचे पोट्टे. कोणी आदिलाबादले मास्तर झाला, कोणी निर्मलले क्लर्क, कोणी हैदराबादले गेला तो बापाच्या मातीलेच आला. तुमी जपून जपून ज्याईच्या हातात दिलं त्याईनंच गाव रितं केलं.

नात म्हणाली, चल, ज्याईनं समोर म्हटलं त्याईलेच विचारू. तो शाई फुटलेल्या कागदावाला पोट्टा आता हेडमास्तर होऊन रिटायर झाला, आदिलाबादेत घर बांधलं, सारं मंडल त्याले सार, म्हणजे सर, म्हणते आणि जयंतीच्या कमिटीचा अध्यक्षही तोच. गेलो आमी.

'बस बाई, बस. एवढ्या उन्हाची काऊन निघाली?'

'गाण्याची तोंडं पाहिजेत. शेपटं माह्यापाशी आहेत.'

तो हसला. मग डोळे मिटून बसला, ओठ हलवले, मांडीवर ठेका धरला. काही निघालं नाही. 'अवो, तवा कागद होता ना हातात,' तो म्हणाला. 'पाहून म्हणत होतो. पाठ कायले करू?'

'मग कागद कुठं आहेत?'

'मास्तरच्या पेटीत होते. वाळवीनं खाल्ले म्हणे.'

'बरं झालं. कोणाच्या तरी पोटात पुरं गाणं गेलं.'

त्याची बायको चहा घेऊन आली होती, ती तोंडावर पदर घेऊन हसली. तो नाही हसला. 'जुनं कायले उकरतेस? यंदा डीजे सांगू, पोट्टे खूश होतात.' आणि मग, माणसाची खोड मरत नाही, नातीले म्हणाला, 'तुह्या आजीले आमी काय म्हणत होतो, माहीत आहे का?' आणि सांगतलं. नात हसली नाही. परतीच्या ऑटोत सारा रस्ता ती कापसाच्या वावरांकडं पाहत बसली आणि गाव आल्यावर म्हणाली, 'आजी, तुमचे मास्तर चांगले होते का वाईट?'

'चांगले होते,' मी म्हटलं. 'म्हणूनच तं त्याईले कोणी काही म्हटलं नाही.'

मले वाटलं मेडम आता माझा नाद सोडंल. तिनं पोट्ट्यायले गोल बसवलं आणि म्हणाली, 'शेवट आहेत ना? मग सुरुवात आपण करू.' मी म्हटलं, 'मेडम, गाणं काही गोधडी नाही ठिगळं लावायले.' पण पोट्ट्यायले कोण अडवणार. एकानं म्हटलं, 'फाट्यावर बस थांबत नाही, कंडक्टर पाहे भलतीकडं.' मागून सारे ओरडले, 'पाटी घ्या जी हाती.' माझी नात म्हणाली, 'मराठीचा सार बदलून गेला, खुर्चीवर त्याच्या बसते कोंबडी.' पुन्हा सारे, 'पाटी घ्या जी हाती.' ना मेळ ना मात्रा. तुमी असते तं कागद फाडून टाकला असता. मीही नाक मुरडलं, पण कोंबडी खरंच बसते, मी स्वतः हाकलली आहे.

तालमीत मेडमनं मले ओढून समोर उभं केलं. 'पहिली ओळ आजीच म्हणतील.' ओळ पाठ होती, नातीनं पीठ मळताना घोकून घेतली होती. ढोलकी सुरू झाली. एक फेरा फिरून आली, पुन्हा फिरून आली. ओळ अगदी जिभेवर होती. आणि मी, एवढी म्हातारी बाई, जिच्या तोंडाले गावातला सरपंच भेतो, उभी राहून कोणाचा तरी हात वर जायची वाट पाहून राह्यली होती. शेवटी मागून नातीनं सुरू केलं. पुरं म्हटलं. तिले कोणी थांबवलं नाही, कोणी हसलं नाही. मेडमनं तिले तिथूनच समोर बोलावलं, मी मागं सरकली आणि झील धरली.

जयंतीले तसंच केलं. तुमचा जुना फोटो शोधून खुर्चीवर ठेवला होता. सार माइकवर म्हणाले, 'मास्तरांनी आमची पिढी घडवली,' आणि टाळ्या झाल्या. मागं कोण होतं ते कोणी विचारलं नाही. फोटोले घालायचा हार माझ्या हातात दिला, तो मी शेजारच्या बाईच्या हातात दिला. मग पोट्ट्यायनं गाणं म्हटलं, समोर नात, मागं मी, आणि त्याच्यानंतर डीजे लागला तो लागलाच. नातीच्या ओळी तुमच्या पासंगाले पुरत नाहीत, हे मले कळते. पण त्या तिच्यापाशी पुऱ्या आहेत. उद्या ती कुठंही गेली तं घेऊन जाईल. जाऊ दे. गाव रितं झालं तं होऊ दे, ते तसंही होऊनच राह्यलं आहे.

ही चिट्ठी कुठं टाकायची नाही. ज्वारीच्या कोठीखाली ठेवते, तिथं वाळवी लवकर येते.

एवढं मात्र सांगून टाकते. कागद घेऊन बसली तेव्हा सारं भांडण मनात तयार होतं, शेवटासकट, पण काडी हलेना. नात दप्तर आवरत होती. म्हणाली, 'अशी काऊन बसली?' मी म्हटलं, 'मास्तरले लिहायचं आहे.' ती म्हणाली, 'मग मास्तर लिव ना.' वरचा तो पहिला शब्द तिनं सांगतलेला आहे. त्याच्या खालची सारी झील.