डोंगरकड्याचं तेल

ता. ३ जानेवारी १९४३
नव्या सालाचे संकल्प. पहाटे उठणे. तंबाखू बंद. व्यंकटरावाचा विचार बंद.

व्यंकटराव माझ्या बरोबरीचा. शाळेत माझ्या पाटीत बघून गणितं करायचा. पुढं बर्म्याला गेला, तिथल्या तेलविहिरींवर पंपांचा सुपरवायझर झाला. जपानी आले तसा पळून परत गावात. डोक्यावर हॅट, तोंडात चिरूट. रोज संध्याकाळी मारुतीच्या पारावर त्याचंच पुराण. आधी त्या पारावर मी पेपर वाचून दाखवायचो. लढाई कुठवर आली हे साऱ्या डोंगरकडा गावाला माझ्या तोंडून कळायचं. आता लोक म्हणतात, "उत्तमराव, पेपर ऱ्हाऊ द्या. व्यंकटरावला बोलू द्या."

मला हेवा वगैरे काही नाही. लिहून ठेवलेलं बरं.

ता. ९ जानेवारी
पारावर गेलो. लांबच उभा राहिलो. आजचा विषय, इलेक्ट्रिक पंप. म्हणे नळकांड्यासारखा लांब असतो, मोटरीसकट विहिरीत खोल सोडतात, तेलात बुडून राहतो अन् खालून तेल वर ढकलतो. मी म्हणालो, मोटर बुडाली की जळते, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तो म्हणाला, "मलाबी आदी तसंच वाटलं व्हतं, उत्तमराव. पण ती बंद डब्यात आसती." लोक हसले. हसण्यासारखं काय होतं त्यात?

ता. १० जानेवारी
तंबाखू चालू केली. सौ. शालूबाई म्हणाली, "बर्म्याच्या बायका खरंच चिरूट ओढत्यात का, जरा व्यंकटरावांना इचारा की." विचारणार नाही.

ता. २१ जानेवारी
शोध!! ओढ्याच्या डबक्यावर निळी-जांभळी साय. तेलच. म्हणजे डोंगरकड्याखाली तेल आहे. इथं तेल असताना बर्म्याला जाणारा माणूस शहाणा म्हणायचा का?

प्लॅन: माझ्या मळ्यातली विहीर तेलापर्यंत खोल करणे. इलेक्ट्रिक पंप मागवणे. वीज तालुक्याच्या कळमनुरीतसुद्धा नाही, पण ती गौण बाब. तेल दिसलं की वीज आपोआप येईल.

ता. २३ जानेवारी
व्यंकटराव ओढ्यावर आला. कुणी बोलावलं नव्हतं. काडीनं साय ढोसली, तर काचेसारखे तुकडे झाले. म्हणाला, "तेल आसतं तर पुन्हा जुळलं आसतं. हा लोखंडाचा गंज हाय. आन् आपल्या काळ्या दगडात तेल कशाचं?"

काडी घाणेरडी होती. कोण कुणावर जळून राहिलं, ते आज कळलं.

ता. ४ फेब्रुवारी
देवला वडाराला कामावर लावला. रोज सकाळी मोटेनं पाणी उपसायचं, मग तळ फोडायचा.

दुपारी हॅट आली काठावर. म्हणाला, "उत्तमराव, जमिनीला थर आसतात. तुमचं पाणी वरच्या थरातलं. खालचा थर भेगाळ निघाला तर वरचं पाणी पिऊन टाकील. तेलाच्या विहिरीत हीच तकलीफ. दोन थर एकदम उघडे पडले की जोरकस थरातलं तेल वर यायच्या आदी कमजोर थरात घुसतं. पंप वर बोंबलत बसतो. मधी बूच मारावं लागतं."

मी म्हणालो, हे सगळं बर्म्याचं. इथली जमीन मराठवाड्याची, तिला असल्या सवयी नाहीत.

ता. ११ फेब्रुवारी
शालूबाई म्हणाली, "निम्मी आळी हितलं पाणी भरती. मिरची फुलावर हाय. काहून करून राहिले तुमी हे?" सायन्ससाठी, असं उत्तर दिलं. तिनं परत विचारलं नाही, म्हणजे पटलं.

देवला म्हणतो, पहार मारली की खाली पोकळ वाजून राहिलं. पोकळ म्हणजे साठा! पंपाची खोली गोठ्यात करू. म्हशीची सोय बघावी लागेल.

ता. १२ फेब्रुवारी
गावाला बोलावलं. व्यंकटरावाला मुद्दाम निरोप धाडला. देवलाची पहार आरपार गेली. मी "तेल!" म्हणून ओरडलो. आत फक्त अंधार दिसला. ठीक आहे. सकाळपर्यंत झऱ्याचं पाणी साचेल, त्यावर तेल तरंगेल.

ता. १३ फेब्रुवारी
विहीर कोरडी ठणठणीत. झरा चालू आहे. पाणी भिंतीवरून उतरतं आणि त्या भोकात जातं. गटगट असा आवाज येतो. आळीच्या बाया रिकाम्या घागरी घेऊन काठावर उभ्या. शेजारच्या मंजुळाबाईनं विचारलं, "उत्तमराव, तेलात डाळ शिजती का हो?"

डोकं दुखतंय. बाहेर पडलो नाही.

ता. १५ फेब्रुवारी
मिरचीनं माना टाकल्या. बाया ओढ्याचं पाणी भरून राहिल्या. शालूबाई बोलत नाही.

व्यंकटराव आला. हॅट काढून म्हशीच्या खुंट्याला अडकवली, धोतर खोचलं आणि दोर धरून खाली उतरला. मी म्हणालो, हे मी उद्या करणारच होतो. भोकाच्या बुचासाठी बाभळीचा खुंट, गोणपाट, चिकणमाती. संध्याकाळपर्यंत तो आणि देवला चिखलात. मी वरून सूचना देत होतो. त्यानं एकही ऐकली नाही.

ता. १८ फेब्रुवारी
पाणी आलं. गढूळ, पण आलं. मिरची वाचेल म्हणतात. शालूबाईनं व्यंकटरावाला पुरणपोळीचं जेवण केलं. मलाही वाढलं. तूप मात्र त्याला आधी.

ता. २ मार्च
आज धीर करून पारावर गेलो. पारावरचा सोनाजी म्हणाला, "उत्तमराव, त्या इहिरीचं सांगा की." मी सांगितलं. धोका मी वेळीच ओळखला, बूच कुठं मारायचं ते मीच वरून दाखवलं, वगैरे. मग सोनाजी व्यंकटरावाकडं वळला. "व्हय का हो?"

व्यंकटरावानं चिरूट तोंडातून काढला. माझ्याकडं बघितलं. आता संपलं, असं वाटलं.

म्हणाला, "व्हय. उत्तमराव वरून बराबर सांगून राहिले व्हते, म्हणून तर जमलं."

लोकांनी सरकून मला जागा करून दिली. मी बसलो.

घरी आलो, पण जेवण गेलं नाही. हॅट त्याची, पंप त्याचा, पारही त्याचा. निदान माणूस म्हणून मी मोठा आहे, अशी माझी समजूत होती. आज तेवढंही त्यानंच घेतलं.