कोऱ्या रकान्याचा वारस

मी, वडलमुडी तायारम्मा, कैलासवासी वडलमुडी वेंकटाद्री यांची पत्नी, वय एकाहत्तर, धंदा छापखाना, राहणार तेनाली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके शाबूत आहे, डोळ्यांना चष्मा लागतो, आणि माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणणारा मुलगा आहे, पण तो सध्या बापाच्या पुतळ्याच्या कामात गुंतला आहे. आमचे वकील येर्रमिल्ली सुब्रह्मण्यम यांनी मसुदा करून दिला होता. त्यात माझी मालमत्ता सगळी होती, मी कुठेच नव्हते, म्हणून तो बाजूला ठेवला. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. कुठे सापडलेच, तर ते माझा मुलगा सांबशिवराव याने केलेले समजावे.

कलम १. राहते घर माझी सून सुगुणा हिला. सांबशिवाने त्यात जरूर राहावे, पण तिला विचारून. त्याच्या वडिलांनी वर्तमानपत्राच्या जामिनासाठी हे घर गहाण टाकले तेव्हा मला विचारले नव्हते. मला ते शेजारणीकडून कळले.

कलम २. माझा उभा आरसा नणंद रत्तम्मा हिला. "नवरा तुरुंगात आणि ही खुशाल फुलं माळून हिंडते," असे तिने गल्लीभर सांगितले होते. हिंडत होते हे खरे. नवरा आत असताना छापखाना मीच चालवत होते, आणि कागदवाला दारावर येत नाही. आता तिने आरशासमोर बसून स्वतःला काय माळायचे ते माळावे.

कलम ३. माझ्या पतीच्या अग्रलेखांच्या संग्रहाच्या न खपलेल्या प्रती, म्हणजे जवळजवळ सगळ्याच, सांबशिवाला. अट एकच, त्याने त्या वाचाव्यात. इथे थोडे सांगणे भाग आहे. आमचे साप्ताहिक 'तूर्पुगाली', म्हणजे पूर्ववारा, आसपासच्या गावांत जाई. माझे पती मोठे विद्वान. त्यांची तेलुगू इतकी भारदस्त होती, की एकेक समास तेनालीला सुरू होऊन बेजवाड्याला संपे. त्यांनी सरकारवर इतका जहाल मजकूर लिहिला, पण सरकारी भाषांतरकारालाच तो कळेना, तर खटला कशाचा भरणार? बाकीचे सगळे संपादक तुरुंगात जाऊन आले. आमच्या घरी वळकटी बांधून तयार, आणि न्यायला कोणी येत नाही. "तायारू, आज कोणी आलं होतं का?" असे ते रोज विचारत. मी म्हणायची, "दूधवाला आला होता." फार लागायचे त्यांना ते.

कलम ४. ती वळकटी घरातच राहावी. तिच्यावर झोपू नये, ढेकूण आहेत. ते तुरुंगातले आहेत असे सांबशिव पाहुण्यांना सांगतो. ते आधीपासूनचे आहेत.

कलम ५. आता कोरा रकाना. बेचाळीस साली 'चले जाव' झाले आणि प्रत्येक मजकूर आधी अधिकाऱ्याला दाखवावा लागू लागला. त्याला माझ्या पतीच्या अग्रलेखाचे एक अक्षर कळले नाही. म्हणून त्याने, धोका नको, अख्खा अग्रलेखच छाटला. यजमानांनी रागाने ती जागा कोरी सोडली. वर मथळा 'आमचे मत', खाली पांढरा कागद. इतका सोपा अग्रलेख त्यांनी पूर्वी कधी लिहिला नव्हता.

आमचा अंक चिंतलपालेमला एकच जायचा. तिथे पिंपळाच्या पारावर बिट्रा पोलय्या नावाचा विणकर तो मोठ्याने वाची आणि सगळे गाव ऐके. माझ्या पतीचे समास तो नेहमीच माणसांच्या भाषेत उलगडून सांगत असे. त्या दिवशी त्याने अंक उघडला, रकाना कोरा. त्याने तो वाचला. मातीच्या दिव्यात तेल असेपर्यंत वाचला. "'तूर्पुगाली' म्हणतं, ज्या सरकारला रिकाम्या कागदाचं भ्या वाटतं, त्याला आपण का भ्यायचं? 'तूर्पुगाली' म्हणतं, यंदा ताडीच्या दुकानाच्या लिलावात कोणी बोली लावायची नाही. आणि 'तूर्पुगाली' म्हणतं, गावच्या मुनसफानं जरा आपल्या आईला विचारावं, की पोरा, तू नोकरी कुणाची करतोस?" मुनसफ, म्हणजे सरकारचा पगारी गावपाटील, तिथेच बसला होता. सकाळी त्याने राजीनामा दिला. माझ्या पतीचा अग्रलेख वाचून त्याआधी कोणी काही दिल्याचे ऐकिवात नाही.

पोलिस जमादाराने सगळे लिहून घेतले. यजमान आणि पोलय्या, दोघांनाही पकडले. मी कोर्टात हजर होते. मॅजिस्ट्रेटने अंक हातात धरून विचारले, "यात तर काहीच छापलेलं नाही. तू वाचलंस काय?"

पोलय्या म्हणाला, "जे छापायला बंदी आहे ते, साहेब. सगळ्यांना पाठच होतं. मी नुसती सुरुवात करून दिली."

मॅजिस्ट्रेटने निकाल दिला, की वाचणाऱ्याने सांगितला आणि ऐकणाऱ्यांना पटला तोच कोऱ्या रकान्याचा अर्थ, आणि त्याला संपादक जबाबदार. यजमानांना एक वर्ष, पोलय्याला सहा महिने. यजमान शिक्षा ऐकून इतके खूश झाले, की वळकटी घरी राहिली.

सुटून आले तेव्हा स्टेशनावर हार, बँड, भाषणे. तो अग्रलेख आता सगळ्यांच्या तोंडी होता, आणि सगळे तो त्यांचाच म्हणत. ते नाही म्हणाले नाहीत. वाईट माणूस नव्हता. हार गळ्यात पडल्यावर मान हलवणे कठीण जाते. पण पोलय्या माझ्या ओसरीवर ताक पीत बसला होता आणि त्यांनी त्याला आत बोलावले नाही, याचा मला आजही राग आहे.

कलम ६. सरकारने गेल्या वर्षी यजमानांच्या नावाने दिलेला स्वातंत्र्यसैनिकाचा ताम्रपट. पोलय्याचा अर्ज सांबशिवाच्या समितीकडे आला होता. समितीने शेरा मारला, 'अर्जदार हा केवळ वाचक होता.' मी सांबशिवाला म्हटले, "अरे, तुझ्या बापाच्या नावावर जे भाषण तू पुतळ्याखाली कोरायला निघालास, ते त्याचं आहे." तो म्हणाला, "अम्मा, पुरावा काय? अंकात तर काहीच छापलेलं नाही." इंग्रजाच्या कोर्टाला जे दिसले, ते माझ्या पोटच्या पोराला दिसत नाही. ताम्रपट चिंतलपालेमच्या पाराला जडवावा. पितळी खिळे मी आणून ठेवले आहेत.

कलम ७. पुतळा करायचाच असेल तर करावा, पण हातात लेखणी देऊ नये. खाली काही कोरू नये. ते लिहिलेले कोणी वाचत नाही, आणि न लिहिलेले वाचणारा आपल्याकडे आहे.

कलम ८. राहिला छापखाना: जागा, पायाने चालवायचे यंत्र, अक्षरांचे खिळे, आणि 'तूर्पुगाली' हे नाव. सांबशिवाला तिथे सिनेमाचे थिएटर हवे आहे. छापखान्याचे काय व्हावे ते मी कलम नऊमध्ये सांगितले आहे. माझ्या दिवसकार्याच्या जेवणाआधी पोलय्याने ते कलम पारावर उभे राहून वाचावे. सांबशिवाने समोर, खाली, गावकऱ्यांच्यात बसून ऐकावे. पोलय्या जे वाचेल तीच माझी इच्छा. पोलय्या माझ्याआधी गेला, तर त्या पारावर जो कोणी वाचत असेल त्याने वाचावे. कोणी हरकत घेतली, तर छापखाना सरळ वाचणाऱ्याचा.

वकील म्हणाले, "अम्मा, हे कोर्टात टिकायचं नाही." मी त्यांना बेचाळीसचा निकाल दाखवला. त्यांनी चष्मा पुसला आणि साक्षीदार म्हणून सही करायचे कबूल केले.

पोलय्याला बोलावून सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "अम्मा, मी काय वाचू? काय हवंय तुम्हाला, तेवढं तरी सांगा."

"तेव्हा आमच्या यजमानांनी काही सांगितलं होतं का तुला?"

"नाही."

"मग?"

तो रडला. मीही रडले. मग आम्ही पुलिहोरा, म्हणजे चिंचेचा भात, खाल्ला.

कलम ९.



वरील सर्व माझ्या इच्छेने लिहिले, वाचले व बरोबर आहे.

वडलमुडी तायारम्मा (सही)
तेनाली, ९ मार्च १९७३

साक्षीदार पहिला: शेख मस्तान, खिळे जुळवणारा, 'तूर्पुगाली' छापखाना. अम्मांनी माझ्यासमोर सही केली. (सही)

साक्षीदार दुसरा: येर्रमिल्ली सुब्रह्मण्यम, वकील. सही माझ्यासमोर झाली. कलम नऊ मी पूर्ण वाचले. त्यात हरकत घेण्यासारखे काही नाही. (सही)