आज लेबल नको

प्रिय अरविंद,

पत्रात मी तुला 'तू' म्हणत आले. घरात 'अहो', पत्रात 'तू'. पहिली दोन वर्षं तू दोह्यात एकटा होतास, तेव्हाची ही सवय. मग मी आणि गौरी इथे आलो, पत्रं थांबली आणि 'तू'ही थांबला. आज इतक्या वर्षांनी पुन्हा लिहायला बसलेय, कारण सकाळी तुझ्या कामावरचा शफी तुझा लाकडी ठोकळा देऊन गेला. पन्नास भोकांचा. तो डायनिंग टेबलावर ठेवून मी समोर चहा प्यायले. चहा संपला तरी काही वाटलं नाही. म्हणून म्हटलं, लिहून बघावं.

तू जाऊन सहा आठवडे झाले. मला अजून रडू आलेलं नाही. गौरी नाशिकहून रोज फोन करते आणि विचारते, "मम्मा, जेवलीस का?" मराठीत विचारते! सगळं लहानपण आपण मराठीत बोलायचो आणि ती इंग्रजीत उत्तरं द्यायची. आता एकदम मराठीवर आलीय. मी "हो" म्हणते. बहुतेक वेळा जेवलेली असते.

माझा व्हिसा तुझ्या नावावर होता, तेव्हा महिनाअखेरीस मुऐदरचं हे घर सोडायचंय. रोज एक कपाट काढते. तुझे शर्ट घडी घालून ठेवताना मी काय विचार करते, सांगू? काहीच नाही. बाही आत, बाही आत, कॉलर वर.

तुझं काम लोकांना समजावून सांगणं किती अवघड होतं! आपल्या ओळखीतले सगळे तेल नाहीतर गॅस नाहीतर इंजिनियरिंगमधले. कुणी बाई विचारायची, मिस्टर काय करतात? मी म्हणायचे, नेमबाजीच्या रेंजवर आहेत, स्पर्धेच्या पिस्तुलांसाठी काडतुसं भरतात. मग प्रश्न यायचा की ती विकत मिळत नाहीत का. मिळतात. पण तू म्हणायचास, विकतचा बूट सगळ्यांना होतो, कुणालाच नीट बसत नाही.

मला आधी वाटायचं, जोर जास्त तेवढा नेम चांगला. तू हसला होतास. मरियमच्या पिस्तुलासाठी तू तीन महिने घेतलेस. पुस्तकातल्या, दारूच्या सगळ्यात कमी मापापासून सुरुवात. त्या मापाची पाच, मग केसभर वाढवून पाच, मग पुन्हा पाच. प्रत्येक वेळी कागदावरची भोकं बघायची, वेग मोजायच्या यंत्रावरचे आकडे बघायचे, काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीचा तळ भिंगाखाली धरायचा. आणि जिथे पाचही भोकं एकमेकांना टेकली, तिथे थांबायचं. पुस्तकातली वरची हद्द अजून लांब होती. मरियम म्हणाली, अजून थोडं वाढवून बघूया ना, अंकल. तू म्हणालास, "खलास. पिस्तुलाने हो म्हटलंय, आता आपण गप्प बसायचं."

ती मला हे सांगताना तुझा आवाज काढते. छान काढते. एवढीशी होती रे, पहिल्यांदा आपल्याकडे पोहे खायला आली तेव्हा. आता देशाकडून खेळते.

तुझे नियम मला पाठ आहेत. मी ते मागितले नव्हते, पण बावीस वर्षं रोज जेवताना ऐकले. फोन बाहेरच्या लॉकरमध्ये. टेबलावर एका वेळी एकच डबा पावडरचा. ठोकळ्यात पन्नास पुंगळ्या, दारू घालायला पहिल्या रांगेपासून सुरुवात, मग टॉर्च मारून प्रत्येकीत डोकवायचं, आधी तू, मग शफी. छोटीशी पुंगळी, त्यात चिमूटभर दारू. दोनदा पडली तरी वर येऊन दिसत नाही, आणि पडलीच नाही तरी वरवर बघून कळत नाही. म्हणून टॉर्च, आणि म्हणून दोन माणसं. दोघांनी वहीत सही केल्याशिवाय गोळी बसवायची नाही. आणि मधे कुणी बोललं, हात थांबला, तर सगळा ठोकळा रिकामा करून पहिल्यापासून.

तुझी वही चाळताना मी बऱ्याच दिवसांनी हसले. 'शफीला शिंक. ठोकळा रिकामा केला.' 'दारात मांजर. ठोकळा रिकामा केला.' एका पानावर नुसतंच 'मला शंका. रिकामा केला.'

आणि सगळ्यात शेवटी माझं काम. लेबल. तुझं अक्षर तुलाच लागत नसे. माझ्यावर कॉन्व्हेंटमध्ये हस्ताक्षराच्या सिस्टरनी चार रेघी वहीत इतकी मेहनत घेतली, बोटांवर पट्टी मारून मारून, ती शेवटी कतारमध्ये काडतुसांच्या खोक्यांवर कामी आली. दुपारी जेवून तू आडवा व्हायचास, जाताना दोन सह्या झालेली वही माझ्यापुढे ठेवायचास, आणि मी लेबल लिहायचे. कुठलं पिस्तूल, कितवी खेप, दारूचं माप, तारीख. रेंजवर म्हणे एक रीतच पडली होती की आंटीचं लेबल नसेल तर त्या खोक्याला कुणी हात लावायचा नाही. मला हे माहीत होतं. मला किती आवडायचं ते, तुला कधी सांगितलं नाही.

आता ती बुधवारची सकाळ.

माझ्या छातीतल्या गाठीचा रिपोर्ट यायचा होता. तू जाताना म्हणालास, साडेअकराला बाहेर येऊन फोन करतो. मला पावणेअकराला हॉस्पिटलचा फोन आला. साधी गाठ. काही करायला नको, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा. आणि मी तुला लावला. तू उचलणार नाहीस हे माहीत होतं, फोन लॉकरमध्ये असणार. मिस्ड कॉल दिसला की बाहेर आल्याबरोबर करशील, एवढंच मनात होतं.

तू दुसऱ्या रिंगला उचललास!

मी इतकी आनंदात होते की मला त्यात काही खटकलं नाही. चार मिनिटं बोललो. तू दोनदा म्हणालास, पुन्हा सांग. मी पुन्हा सांगितलं.

घरी आलास तो अरबी मिठाईवाल्याकडचा कुनाफ्याचा डबा घेऊन. अजून गरम होता. जेवलास, कुनाफा खाल्लास, माझ्या ताटलीतला कडेचा कुरकुरीत तुकडाही उचललास. मी हात पुसून पेन घेतलं, वही मागितली. तू म्हणालास, "आज लेबल नको. उद्या लवकर जाईन, एक काम राहिलंय."

मला वाटलं, रिपोर्टच्या धसक्याने मी दमलेय म्हणून मला सुट्टी देतोयस. कसलं काम, ते मी विचारलंच नाही. का नाही विचारलं? तू आडवा झालास. चार वाजता चहाला उठवायला आले, तर तू उठला नाहीस.

त्या दिवशी शफी इथे नव्हता, पुतणीच्या लग्नाला रत्नागिरीला गेला होता. तुझी बातमी ऐकून धावत परत आला. सगळं त्याने केलं, कागद, फोन, विमान. मी नुसती त्याने दाखवलं तिथे सही करत होते.

मागच्या आठवड्यात तो घरी आला, पिशवीत एक खोकं आणि वही. तुझ्या हातची शेवटची पन्नास. म्हणाला, "वयनी, मरियम म्हणतेय शनिवारची मॅच ती याच काडतुसांवर खेळणार. साहेबांसाठी. फक्त लेबल ऱ्हायलाय."

मी पेन काढलं आणि लिहिलं. अरविंद, मी लिहिलं! वहीत ना तुझी सही होती, ना शफीची, दोन्ही रकाने कोरे होते. ते कोरे रकाने मी बघितले. डोळ्यांना दिसले आणि आत काही पोचलं नाही, जसं हल्ली काहीच पोचत नाही. मला एवढंच दिसत होतं की तुझ्या अक्षरातली तारीख आहे आणि त्याखाली माझं लेबल हवंय. नेहमीपेक्षा चांगलं लिहिलं. शफीने ते दोन्ही हातांत धरून नेलं.

शुक्रवारी सकाळी तुझा फोन बंद करायचा होता. त्यातले फोटो उतरवून घेताना शेवटचे कॉल उघडले गेले. सगळ्यात वर माझं नाव. दहा अठ्ठेचाळीस. चार मिनिटं.

दहा अठ्ठेचाळीसला तू कुठे असतोस, हे माझ्याइतकं कुणाला माहीत आहे? फोन लॉकरमध्ये नव्हता. तू तो आत नेला होतास. बावीस वर्षांत पहिल्यांदा, माझ्यासाठी. आणि हात चालू असताना मी तो वाजवला होता.

मी शफीला फोन केला. उचलला नाही. अर्थात उचलला नाही, तो तुझाच माणूस, फोन लॉकरमध्ये! मग टॅक्सी बोलावली. रस्ताभर मी काय ठरवत होते माहीत आहे? सांगायचं की नाही. सांगितलं तर तुझ्या शेवटच्या कामावर बोट ठेवणार होते, मी, तुझी बायको. आणि सगळं बरोबर निघालं असतं तर? मग तुझ्या हातची शेवटची वस्तू उगाच मोडली असती. सिग्नलला टॅक्सी थांबली तेव्हा मला वाटलं, तू हे खोकं माझ्यापुढे ठेवलंच नव्हतंस. तू म्हणाला होतास, आज लेबल नको.

मरियम रेंजवर होती. खोकं तिच्या टेबलावर, टेप काढलेली, पिस्तूल शेजारी. मॅचच्या आधी पाच मारून बघणार होती. मी काचेवर थाप मारली. ती कानावरचं काढून बाहेर आली, आणि मी तिला आणि शफीला सगळं सांगितलं, फोन, कुनाफा, लेबल.

शफी ऐकेना. "साहेबांची चूक? शक्य नाय, वयनी. तुमी दमलायत."

मी म्हटलं, "शफीभाई, वहीत सही कुठे आहे?"

तो वहीकडे बघत राहिला. मग म्हणाला की निदान वजन करून बघू, फोडायला नको. पण वजनाचं मला तूच शिकवलं होतंस. पुंगळी पुंगळीत आणि गोळी गोळीत जेवढा फरक असतो, त्यातच ती चिमूटभर दारू लपून जाते. वजनाने कळत नाही. मी तसं सांगितलं. मी, चौथीच्या मुलांना इंग्रजी शिकवणारी बाई, शफीला सांगत होते. त्याने मान खाली घातली. त्यालाही ते माहीत होतंच.

मरियमने आपलं पिस्तूल पेटीत ठेवलं. खोकं माझ्यापुढे सरकवलं आणि इंग्रजीत हळू म्हणाली, "आंटी, लेबल तुम्ही काढा. आम्ही नाही काढणार."

मी काढलं. अर्धं फाटलं, अर्धं चिकटून राहिलं.

मग शफीने तुझं ते हातोडीसारखं प्लास्टिकचं अवजार घेतलं. काडतूस त्यात अडकवायचं, जाड लाकडावर आपटायचं, गोळी सुटते, दारू खाली पडते. प्रत्येकीची दारू काट्यावर. एक, बरोबर. दोन, बरोबर. तू रांगेने भरलेली, तो रांगेने काढत होता. बावीस बरोबर निघाली. केसाचाही फरक नाही. शफी माझ्याकडे बघून जवळजवळ हसला.

तेविसाव्याला गोळी सुटली आणि मागून काही आलं नाही.

त्याने पुंगळी उलटी करून हातावर ठोकली. पुन्हा ठोकली. मग ती टेबलावर ठेवली आणि खुर्चीत बसला.

पुढे काय झालं असतं, हे तिथे कुणाला सांगावं लागलं नाही. दारूशिवायची गोळी नळीत अर्ध्यावर अडकते. भराभर पाच मारायच्या फेरीत कोण थांबतो? पुढची तिच्यावर आपटून पिस्तूल हातातच फुटलं असतं. मरियमने आपला उजवा हात ओढणीत गुंडाळून घेतला. थंडी वाजल्यासारखा.

उरलेली सत्तावीसही आम्ही फोडली. सगळी बरोबर.

तेविसाव्या भोकापाशी माझा फोन आला होता, अरविंद. तू परत आलास आणि चोविसाव्यापासून पुढे गेलास. टॉर्च मारलास की नाही, कोण सांगणार? मला वाटतं तू तेव्हा हसत होतास. मग कुठेतरी, गाडीत म्हण, कुनाफ्याच्या रांगेत म्हण, तुला आठवलं असणार. म्हणून ते 'उद्या लवकर जाईन'. तुझ्याकडून चूक झाली, पण तू ती लेबलापर्यंत येऊ दिली नव्हतीस. येऊ दिली मी.

रागावू तुझ्यावर? फोन आत का नेलास? पण मग स्वतःवरही रागवावं लागेल. चांगली बातमी होती. साडेअकरापर्यंत कुठे पळून जाणार होती? मी रागवायला बसते आणि तेही होत नाही. तेविसावी पुंगळी माझ्या पर्समध्ये आहे. शफीने दिली. हातात धरली की गार लागते, मग हळूहळू गार लागत नाही.

निघताना मी वही मागून घेतली. त्या बुधवारच्या ओळीखाली माझ्या चार रेघी अक्षरात लिहिलं, 'शैलाचा फोन. ठोकळा रिकामा केला.' शफीने खाली सही केली. दुसऱ्या रकान्यात मी केली. मग त्याने बाहेर जाऊन तोंड धुतलं.

मरियम शनिवारी शफीने भरलेल्या काडतुसांवर खेळली. तुझंच माप. लेबल मीच लिहिलं, आधी दोन्ही सह्या बघून. ती सातवी आली. फोनवर म्हणाली, अंकल असते तर चिडले असते. मी म्हटलं, नाही गं, त्यांनी विचारलं असतं की दहाही बोटं आहेत ना.

ठोकळा माझ्याबरोबर येतोय. शफी म्हणाला, त्याने नवा करून घेतलाय, हा तुमच्याकडे राहू दे.

आता एक कबूल करते. त्या रिपोर्टला सहा महिने झाले की नाशिकला पुन्हा तपासणी आहे. मी जाईन, टाळणार नाही. रिपोर्ट येईल. चांगला असो, वाईट असो, मी लगेच कुणालाही फोन करणार नाही, गौरीलाही नाही. दोह्यात साडेअकरा वाजेपर्यंत थांबेन. नाशिकला तेव्हा दुपारचे दोन वाजलेले असतील. तोवर तुझा हात चालू आहे असं समजून मी गप्प बसून राहीन.

तुझी,
शैला