मारकडवस्तीची आचारसंहिता न उठवण्याबाबत

प्रति,
मा. पथकप्रमुख साहेब,
आचारसंहिता पथक (फिरते),
तालुका निवडणूक कक्ष.

विषय : मारकडवस्तीपुरती आचारसंहिता चालू ठेवणेबाबत, ते न जमल्यास जप्त केलेली दोन्ही बाके परत न करणेबाबत.

संदर्भ : माझीच तक्रार, दि. १८ ऑक्टोबर २०२४.

महोदय,

सविनय सादर करतो की मी जोतीराम भगवान मारकड, वय ६१, धंदा शेती व दोन म्हशी, राहणार मारकडवस्ती, सणसरच्या अलीकडे, ता. इंदापूर. आजवर सरकारकडे मी जेवढे अर्ज केले ते काहीतरी मिळावे म्हणून केले आणि मिळाले नाही. आमचीच वस्तू आम्हाला देऊ नये, असा हा पहिलाच अर्ज आहे. तो तरी मंजूर व्हावा.

१) आमच्या दूध संकलन केंद्रासमोर लिंबाखाली सिमेंटचे एक बाक होते. सकाळी दूध घातले की आम्ही आठ-दहा जण त्यावर व त्याच्या आसपास बसून एकमेकांची टिंगल करत असू. दुसरे कोणतेही कामकाज तेथे चालत नसे. सव्वा वर्षापूर्वी पक्ष वर कोठेतरी फुटला. आमच्या वस्तीची लोकसंख्या दोनशे अकरा, तरी आम्ही मागे राहिलो नाही, आम्हीही फुटलो. दुसऱ्या गटाने त्याच साच्यातले, त्याच रंगाचे बाक आणून आमच्या बाकाकडे पाठ करून ठेवले. दोन्हींवर आपापल्या पुढाऱ्याचे नाव. त्या दिवसापासून अर्धी वस्ती उसाकडे तोंड करून बसू लागली व अर्धी रस्त्याकडे.

२) पलीकडच्या बाकावर म्हस्कू सूळ बसत. लहानपणी आम्ही दोघांनी एकाच कळपामागे मेंढरे राखली आहेत. म्हस्कूराव विनोद सांगू लागले की लिंबावरचे कावळेसुद्धा गप्प बसतात. ते विनोद मला पाठीमागून स्पष्ट ऐकू येत. परंतु विरोधी गटाच्या विनोदाला हसणे म्हणजे पक्षविरोधी कारवाई, असे आमच्या बाकावर ठरलेले असल्याने मी हसू खोकल्यात काढत असे. असे वर्षभर चालले. शेवटी माझी पत्नी सारजा हिने अडुळशाचा काढा सुरू केला. पंधरा दिवस काढा पिऊनही उतार पडेना, तेव्हा ती म्हणाली, "ह्यो खोकला न्हाय, हसू हाय. गिळल्यालं हसू काढ्यानं उतरत न्हाय." काढा मात्र तिने बंद केला नाही.

३) आता लाजेची गोष्ट लिहितो. गेल्या मे महिन्यात म्हस्कूरावांच्या पत्नी जयवंता वहिनी यांचे बारामतीला पित्ताशयाचे ऑपरेशन झाले. म्हस्कूराव पलीकडे कोणाला तरी सांगत होते. मी हाताची घडी घालून सर्व ऐकले आणि वळून विचारले नाही. ज्या वहिनींच्या हातच्या भाकरी मी तीस वर्षे खाल्ल्या, त्यांच्यासाठी मला मान वळवता आली नाही. त्या वेळी मी फार निष्ठावान कार्यकर्ता होतो. माझा पुढारी मला ओळखत नाही, हे येथे नमूद करणे आवश्यक वाटते.

४) आचारसंहिता लागताच पलीकडच्या बाकावरील नावाचा फोटो काढून मी मोबाईलवरून गुपचूप तक्रार केली. आपले पथक त्याच दुपारी ट्रॉली घेऊन आले. मी तक्रार एका बाकाची केली होती, पथकाने दोन्ही नेली. मला वाटले, पथक फारच निःपक्षपाती आहे.

५) दुसऱ्या दिवशी बसायला उरली ती केंद्राची पायरी. ती साडेतीन फूट. दोन्ही गट तिच्यावर खांद्याला खांदा लावून बसले, कारण उभे राहण्याची दोन्ही गटांच्या गुडघ्यांत ताकद नाही. केंद्राच्या सचिव रेश्माताई दुधाचा फॅट मोजता मोजता म्हणाल्या, "हितं बसायचं तर निवडणुकीचं नाव काढायचं न्हाय. आचारसंहिता हाय." मग बोलणार काय? जो तो फॅटचा आकडा पाहू लागला. शेवटी म्हस्कूराव म्हणाले, "आमची म्हस पक्की पुढारी हाय. पेंड दिसली की हात चाटती, पाटी मोकळी झाली की वळखत न्हाय." मी हसलो. मोठ्याने हसलो, सव्वा वर्षाचे एकदम हसलो. दोन्ही गट हसले. रेश्माताईंनी हा प्रचार धरून आम्हा दोघांना पायरीवरून उठवले.

६) उठवल्यामुळे आम्ही दोघेच लिंबाखाली राहिलो. तेव्हा मी विचारले, "वहिनी कशा हायत?" म्हस्कूराव म्हणाले, "बरी हाय. तू इचारशील म्हणून पाच म्हैनं वाट बघितली."

७) तेव्हापासून रोज सकाळी पायरी भरते. तरी मन खात होते, म्हणून परवा मी म्हस्कूरावांना सांगून टाकले की तुमच्या बाकाची तक्रार माझी. त्यांनी आपला मोबाईल उघडून दाखवला. त्यात आमच्या बाकाचा फोटो होता आणि त्यामागे मोबाईल डोळ्यांसमोर धरून मी उभा. माझ्याही फोटोत ते तसेच दिसतात. रेंज शोधत असतील असे मी धरून चाललो होतो. म्हणजे पथक जेवढे निःपक्षपाती वाटले तेवढे नव्हते. दोन तक्रारी होत्या, दोन बाके नेली. कायद्याचे आम्ही एवढे मोठे रक्षक निघालो, याची नोंद घ्यावी.

८) काल मतदान झाले. आम्ही दोघे एकाच मोटारसायकलवर गेलो, वेगवेगळे बटण दाबले आणि परत आलो. शनिवारी निकाल आहे. त्यानंतर आचारसंहिता उठेल, ट्रॉली येईल, बाके उतरतील आणि ज्याच्या अंगावर गुलाल असेल तो एका बाकावर बसेल, नसेल तो दुसऱ्यावर. म्हणून विनंती की आमच्या वस्तीवर आचारसंहिता उठवू नये. तशी तरतूद नसल्यास बाके आपल्या कार्यालयाबाहेर ठेवावीत, अर्जदारांना बसायला उपयोगी पडतील. तेही जमत नसल्यास नाव खरवडून एकच बाक द्यावे. कोणतेही चालेल, साचा एकच आहे.

शनिवारी ज्याचा गट जिंकेल त्याने गुलाल धुऊन हरलेल्याच्या घरी चहाला जायचे आणि हरलेल्याने दार उघडायचे, असे आम्ही ठरवले आहे. हे ठरवताना आम्ही दोघेही शुद्धीवर होतो. पण साहेब, सव्वा वर्षापूर्वीही आम्ही शुद्धीवरच होतो. शनिवारी त्या दारापर्यंत आम्ही जाऊ, असा आमचा आमच्यावर भरवसा नाही, म्हणून आपल्याकडे अर्ज करतो आहोत.

आपले कायद्याशिवाय न सुधारणारे,

जोतीराम भगवान मारकड (तक्रारदार क्र. १)
म्हस्कू रामा सूळ (तक्रारदार क्र. २)

दि. २१ नोव्हेंबर २०२४
मारकडवस्ती

सोबत : दोन फोटो. चेहरे ओळखू आल्यास कृपया हसावे.